अमेरिकेतली आपली काउंटी, आपले पोलीस : तुमचे रोजचे अनुभव

रेवती_लाउडन

इथे येऊन दहा-पंधरा वर्षं झालेल्या आपल्या लोकांना ग्रीन कार्डाच्या रांगेतलं प्रायॉरिटी डेट, व्हिसा बुलेटिन, आय-१४० सगळं तोंडपाठ असतं. पण दारासमोरचा रस्ता कोणाच्या ताब्यात आहे, शेरीफ आणि पोलीस यांत फरक काय, घराची किंमत कर लावण्यासाठी कोण ठरवतं आणि तिला हरकत घेता येते का, असं विचारलं की बहुतेक जण गप्प होतात. खरं तर रोजचा संबंध येतो तो काउंटीशी, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या स्थानिक कारभाराशी. शाळा, ग्रंथालय, बागा, गाडीचा कर, जन्म-मृत्यूचे दाखले, कोर्ट, तुरुंग, सगळं तिथलं.

शिवाय 'शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये' हे आपल्यात इतकं मुरलेलं आहे की चोरी झाली तरी तक्रार द्यायला लोक कचरतात. 'कशाला उगाच पोलिसांच्या भानगडीत पडायचं, आपण व्हिसावर आहोत' हे वाक्य मी आमच्या मंडळात कितीदा तरी ऐकलं आहे. त्याचा त्रास होतो म्हणून हा धागा काढते आहे. मदत मागायला नागरिकत्व लागत नाही आणि कर तर आपण सगळेच भरतो.

सुरुवात आमच्या भागापासून, म्हणजे व्हर्जिनियापासून. माझ्या मावसबहिणीचं घर फेअरफॅक्समध्ये, आमचं शेजारच्या लाउडन काउंटीत. तिच्याकडे काही झालं तर येतात ते फेअरफॅक्स काउंटीचे पोलीस, त्यांचा प्रमुख नेमलेला असतो. आमच्याकडे येतो तो शेरीफचा डेप्युटी, आणि शेरीफ दर चार वर्षांनी मतदानाने निवडून येतो. फेअरफॅक्सलाही शेरीफ आहे, पण त्याच्याकडे मुख्यतः तुरुंग, कोर्टाचा बंदोबस्त आणि समन्स-नोटिसा बजावणं. त्यात हर्नडन आणि व्हिएन्ना या गावांचे स्वतःचे पोलीस. आणि फेअरफॅक्स सिटी नकाशात काउंटीच्या मधोमध असली तरी कायद्याने काउंटीपासून वेगळी.

रस्त्यांचं आणखी वेगळं. व्हर्जिनियात १९३२ च्या कायद्याने काउंट्यांचे रस्ते राज्याकडे गेले. आर्लिंग्टन आणि हेन्रायको या काउंट्यांनी मात्र ते स्वतःकडे ठेवले. त्यामुळे आमच्याकडे खड्डा पडला किंवा बर्फ तसंच राहिलं तर तक्रार काउंटीकडे करायची नाही, राज्याच्या वाहतूक खात्याकडे, म्हणजे व्हीडॉटकडे करायची.

तुमच्याकडे कसं आहे? चांगले-वाईट दोन्ही अनुभव लिहा. फक्त वाईट अनुभवात ऑफिसचं किंवा माणसाचं नाव नको.

पाणवठा

छान धागा. रस्त्यांच्या बाबतीत एक भर. टाउनहाउसच्या वसाहतींमधले आतले रस्ते बरेचदा एचओएच्या, म्हणजे घरमालकांच्या संघटनेच्या मालकीचे असतात. तिथे व्हीडॉटही येत नाही आणि काउंटीही नाही. बर्फ पडल्यावर दोन्हीकडे फोन करून लोक वैतागतात. घर घेतानाच कागदपत्रांत बघून ठेवावं.

केदार_रिचमंड

पोलिसांनी गाडी थांबवली तर काय करायचं, हे सविस्तर लिहितो. भारतातून नवीन आलेल्या प्रत्येकाला मी हे सांगतोच.

मागे दिवे लागले की इंडिकेटर देऊन उजवीकडे, जागा असेल तिथे थांबायचं. इंजिन बंद, काच खाली, रात्र असेल तर आतला दिवा लावायचा आणि दोन्ही हात स्टिअरिंगवर, दिसतील असे ठेवायचे. गाडीतून उतरायचं नाही. आपल्याकडे हवालदाराने हात केला की आपण गाडी बाजूला घेतो, उतरतो आणि कागद घेऊन साहेबांपाशी जातो. त्यात अदब असते. इथे नेमकं उलट आहे. उतरलेला माणूस अंगावर येतोय असा अर्थ निघू शकतो, कारण समोरच्याकडे बंदूक असेल हे गृहीत धरूनच इथला पोलीस गाडीजवळ येतो. येता येता तो डिकीवर हात टेकवतो, पहिल्यांदा बघणाऱ्याला ते विचित्र वाटतं, पण ती त्यांची जुनी सवय आहे.

लायसन्स पाकिटात आणि रजिस्ट्रेशन ग्लव्ह बॉक्समध्ये असेल तर आधी तोंडाने सांगायचं, 'उजवीकडच्या कप्प्यात आहे, काढू का?' आणि मग सावकाश काढायचं. मागे बसलेल्या आई-बाबांनाही सांगून ठेवा, पिशवीत हात घालायचा नाही. कौतुकाने चिवडा पुढे करू नका, आणि 'काहीतरी बघा ना साहेब' हा सूर तर चुकूनही नको. तोडपाणीचा नुसता वास आला तरी साध्या दंडाचं प्रकरण लाच देऊ केल्याच्या गुन्ह्यापर्यंत जातं.

तिकीट दिलं तर त्यावर सही करायची. सही म्हणजे गुन्हा कबूल नव्हे, कोर्टात हजर राहीन एवढीच ती हमी असते. आमच्या ओळखीतल्या एका काकांनी 'मी काही केलं नाही, सही का करू' म्हणून वाद घातला आणि प्रकरण विनाकारण चिघळलं. म्हणणं मांडायची जागा कोर्ट आहे, रस्त्याची कड नव्हे.

सह्यकडा

केदार, रेकलेस ड्रायव्हिंगबद्दल पण लिही ना. व्हर्जिनियात त्यात आपली खूप मुलं अडकतात.

केदार_रिचमंड

हो, ते राहिलंच.

बाकी बऱ्याच राज्यांत वेग जास्त म्हणजे दंड आणि पॉइंट, विषय संपला. व्हर्जिनियात मर्यादेपेक्षा २० मैल किंवा त्याहून जास्त वेग, किंवा मर्यादा काहीही असली तरी ८५ च्या वर गाडी, म्हणजे रेकलेस ड्रायव्हिंग. २०२० पर्यंत हा आकडा ८० होता. हा साधा वाहतुकीचा गुन्हा नाही, पहिल्या वर्गाचा मिसडिमीनर आहे, म्हणजे फौजदारी. कायद्यात १२ महिन्यांपर्यंत कैद आणि २,५०० डॉलरपर्यंत दंड आहे. ७० च्या हायवेवर ८६ ने जाणाऱ्याला वाटतं आपण फक्त १६ ने वर आहोत, पण तोही यात येतो.

हे तिकीट ऑनलाइन पैसे भरून मिटत नाही, जनरल डिस्ट्रिक्ट कोर्टात तारखेला जावंच लागतं. माझ्या ऑफिसातला एक मुलगा मेरीलँडहून आला होता. त्याला ते नेहमीचं तिकीट वाटलं आणि तारीख त्याने मनावरच घेतली नाही. मग वकील, फेऱ्या, आणि पुढे नागरिकत्वाचा अर्ज भरताना 'कधी अटक किंवा आरोप झाला होता का' या प्रश्नापाशी पुन्हा तेच. वकील आधीच केला असता तर वेग मोजायच्या यंत्राच्या नोंदी, त्याच्या स्पीडोमीटरचा दाखला, ड्रायव्हर सुधार वर्ग, असं काय काय मांडून कलम कमी करून घेता आलं असतं. कोर्टात तसं बरेचदा होतं.

आणि रडार डिटेक्टर, म्हणजे पोलिसांचं रडार ओळखणारं यंत्र, व्हर्जिनियात बेकायदा आहे. दुसऱ्या राज्यातून येताना काढून ठेवा.

मोगरा७

आई-बाबांचा विषय निघाला म्हणून लिहिते.

फेब्रुवारी २०१५ मध्ये अलाबामातल्या मॅडिसन शहरात गुजरातहून मुलाकडे आलेले एक ५७ वर्षांचे आजोबा सकाळी वसाहतीत फिरत होते. कोणीतरी 'अनोळखी माणूस फिरतोय' असा फोन केला. पोलीस आले, आजोबांना इंग्रजी येत नव्हतं, आणि पोलिसाने त्यांना जमिनीवर आपटलं. त्यांच्या मानेला आणि मणक्याला दुखापत झाली, अर्धांगाची वेळ आली. त्या पोलिसावर फेडरल खटला चालला, ज्युरीचं दोनदा एकमत झालं नाही आणि शेवटी न्यायाधीशाने त्याला सोडलं. शहराने भरपाई दिली ती २०२१ मध्ये.

माझे सासरे तेव्हा आमच्याकडेच होते. त्यांना रोज पहाटे फिरायला जायची सवय. त्या बातमीनंतर सासूबाई त्यांना एकटं सोडेनात. आम्ही मग एक कार्ड बनवलं. त्यावर त्यांचं नाव, आमचा पत्ता, माझा आणि नवऱ्याचा नंबर आणि इंग्रजीत 'मला इंग्रजी कमी येतं, कृपया या नंबरवर फोन करा'. ते गळ्यात अडकवायच्या पट्टीला लावलं, खिशात नाही, म्हणजे काढायला खिशात हात घालावा लागू नये. त्याच आठवड्यात मी त्यांना घेऊन आसपासच्या घरांतून ओळख करून आले. पलीकडची म्हातारी बाई त्यानंतर स्वतः त्यांना हात करायला लागली.

वरच्या पोस्टींमध्ये नियम सांगितले आहेत ते सगळे बरोबर आहेत. पण सगळे नियम पाळूनही भीती वाटते, हेही खरं आहे. माझा मुलगा सतरा वर्षांचा आहे आणि आता गाडी चालवतो. तो घरी येईपर्यंत मला झोप लागत नाही. कोणी 'तुम्ही उगाच काळजी करता' म्हटलेलं मला आवडत नाही.

रेवती_लाउडन

मोगरा, कार्डाची कल्पना आम्हीही करतो आहोत. थँक्यू.

तक्रारीबद्दल थोडं. पोलिसांच्या वागण्याबद्दल तक्रार करायला बहुतेक ठिकाणी त्यांच्याच अंतर्गत चौकशी विभागाकडे जावं लागतं. फेअरफॅक्सने डिसेंबर २०१६ मध्ये नागरिकांचं स्वतंत्र पॅनेल नेमलं, ते पोलिसांनी केलेल्या चौकशीचा फेरविचार करतं. तुमच्या भागात असं काही आहे का, ते शोधून ठेवा. घटनेची तारीख, वेळ, बॅज नंबर त्याच दिवशी लिहून ठेवायचं, आठवड्याने सगळं धूसर होतं.

अबोली_सनीवेल

कॅलिफोर्नियाकडून. इथे शेजारशेजारच्या गावांत पोलिसांची तऱ्हा वेगळी. सनीवेलमध्ये पोलीस आणि अग्निशमन हे एकच खातं आहे, १९५० पासून. तिथला अधिकारी दोन्ही कामं शिकलेला असतो. शेजारच्या कुपरटिनोला स्वतःचे पोलीसच नाहीत, ते सांता क्लारा काउंटीच्या शेरीफकडून करार करून सेवा घेतात. आमच्याकडे बाबांना चक्कर आली तेव्हा आधी गस्तीची गाडी आली, बाई उतरली, तिने डिकीतून वैद्यकीय पेटी काढली आणि बाबांना तपासायला लागली. आई घाबरून म्हणत होती, पोलीस कशाला आले! दोन मिनिटांनी त्याच बाईने आईला खुर्चीवर बसवून पाणी दिलं.

आता पैशांची गोष्ट, कारण यात आपले लोक दरवर्षी दंड भरतात. इथे घराच्या कराचा पहिला हप्ता १ नोव्हेंबरला देय असतो आणि १० डिसेंबरनंतर दंड लागतो. दुसरा १ फेब्रुवारीला, आणि १० एप्रिलनंतर दंड. दंड १० टक्के. पण खरी गोची सप्लिमेंटल बिलाची. १९७८ च्या प्रपोझिशन १३ या कायद्यामुळे जुन्या मालकाची कराची किंमत वर्षाला जास्तीत जास्त २ टक्के वाढलेली असते. तुम्ही घर घेतलं की ती एकदम बाजारभावाला येते आणि मधल्या महिन्यांच्या फरकाचं वेगळं बिल येतं. ते बहुतेकदा बँकेच्या एस्क्रोमधून (कर भरण्यासाठी बँक हप्त्याबरोबर पैसे साठवते त्या खात्यातून) भरलं जात नाही, थेट तुमच्या नावाने पोस्टाने येतं. लोकांना वाटतं जाहिरातीचं पाकीट आहे. काउंटीचं पाकीट न उघडता टाकू नका.

दगडूशेट_प्लेनो

अबोली, आमच्याकडे टेक्ससमध्ये त्याहून जास्त झगडा आहे. राज्याचा आयकर नाही, त्यामुळे घराचा कर दणदणीत. घराची किंमत काउंटीचं अप्रेझल डिस्ट्रिक्ट ठरवतं, आमचं कॉलिन काउंटीचं. वसंतात नोटीस येते आणि १५ मे किंवा नोटीस मिळाल्यापासून ३० दिवस, यांतलं जे नंतर येईल तोपर्यंत हरकत घेता येते. आपले लोक घेत नाहीत. म्हणतात, सरकारशी कोण भांडणार.

यात भांडण नसतं हो! मी दरवर्षी जातो. आधी त्यांच्या अप्रेझरबरोबर साधी बैठक होते. टेबलाच्या पलीकडे बसलेला माणूस दिवसभर आरडाओरडा ऐकून दमलेला असतो, तुम्ही शांतपणे कागद पुढे केलेत की तो ऐकतो. काय न्यायचं? आपल्याच वसाहतीत १ जानेवारीच्या आसपास विकल्या गेलेल्या, आपल्याइतक्याच घरांच्या किमती. आणि आपल्या घरातले दोष, फोटोसकट. इथली माती चिकणमाती, उन्हाळ्यात आकसते आणि पावसात फुगते, पाया हलतो. माझ्या जेवणाच्या खोलीच्या दाराच्या कोपऱ्यातून छतापर्यंत तिरकी भेग गेली होती. तिच्याशेजारी फूटपट्टी धरून फोटो काढला आणि पाया दुरुस्त करणाऱ्याचं कोटेशन जोडलं. नुसतं 'कर फार आहे' म्हटलं तर ते ऐकून घेऊ शकत नाहीत, त्यांच्या हातात फक्त किंमत आहे, दर नाही. बैठकीत जमलं नाही तर पुढे रिव्ह्यू बोर्डासमोर सुनावणी असते.

आणि होमस्टेड सवलत घ्या रे बाबांनो. घर स्वतःचं, राहता तिथेच, आणि लायसन्सवर तोच पत्ता, एवढं पाहिजे. ग्रीन कार्ड लागत नाही. एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर असलेले कितीतरी जण 'ते सिटिझनसाठी असतं' या समजुतीत वर्षानुवर्षं जास्त कर भरताहेत. या सवलतीमुळे कर ज्या किमतीवर लागतो ती वर्षाला १० टक्क्यांच्या वर वाढू शकत नाही.

मोगरा७

शेट, माझ्या दिराला आत्ताच हे पाठवलं. तो टेक्ससमधल्या फ्रिस्कोला आहे, त्याने सवलत घेतलेलीच नाही!

दगडूशेट_प्लेनो

मागच्या वर्षांची पण मागता येते, साधारण दोन वर्षांपर्यंत. सांगा त्यांना.

सोनचाफा_एडिसन

आमच्या ओळखीच्या एका घरी ऐन डिसेंबरात, सगळे भारतात असताना चोरी झाली. सोन्यासाठी भारतीय घरं हेरणाऱ्या टोळ्यांबद्दल पोलिसांनी वेगवेगळ्या राज्यांत इशारे दिलेले आहेत. त्यांना माहीत असतं की आपल्याकडे दागिने बेडरूममध्ये, साड्यांच्या घडीत किंवा देवघराच्या खणात असतात.

मी दुभाषी म्हणून त्या घरच्या आजींबरोबर बसले होते. डिटेक्टिव्ह यादी करत होता. पाटल्या, तोडे, कोल्हापुरी साज, ठुशी. आजींनी एकेका दागिन्याचं वजन तोळ्यात सांगितलं, कोणत्या सोनाराने घडवला तेही सांगितलं, पण एकाचीही पावती नाही, कारण निम्मे त्यांच्या आईचे. शेवटी लग्नाचे अल्बम काढले आणि नातीच्या लग्नातल्या फोटोंवरून त्याने एकेक दागिना टिपून घेतला. एक फोटो मोठा करून त्याने साजाची पानं मोजली. मन लावून काम केलं त्या माणसाने. दागिने मिळाले नाहीत.

म्हणून सांगते. दागिन्यांचे फोटो आजच काढा, फूटपट्टी किंवा नाणं शेजारी ठेवून. साध्या घरविम्यात दागिन्यांच्या चोरीची मर्यादा बरेचदा १,५०० डॉलरच्या आसपास असते, वेगळी भर घ्यावी लागते. भारतात जाताना पोलिसांना कळवा, बऱ्याच ठिकाणी ते रिकाम्या घरावर फेरी मारतात आणि त्याचे पैसे नसतात. आणि 'नेवार्कहून निघालो' असे विमानतळावरचे फोटो परत आल्यावर टाका.

न्यू जर्सीचं थोडक्यात. इथे ५६४ नगरपालिका आहेत आणि पोलीस बहुतेक त्यांचेच. वाहतुकीची तिकिटं म्युनिसिपल कोर्टात. घराचा करही टाउनशिपच गोळा करते, त्यातला काही वाटा काउंटीला जातो. काउंटीच्या निवडून आलेल्या सदस्यांना पूर्वी फ्रीहोल्डर म्हणायचे, १ जानेवारी २०२१ पासून कमिशनर म्हणतात. जुन्या फॉर्मवर ते नाव दिसलं तर गोंधळू नका.

वाटसरू

मी बहुतेक वेळा वाचनमात्र असतो, पण हे लिहायला हवं.

बाबा आमच्याकडे आलेले असताना झोपेतच गेले. सकाळी कळलं. ९११ या तातडीच्या मदतीच्या नंबरला फोन केला. पॅरामेडिक आले आणि त्यांच्याबरोबर पोलीसही. बायकोला वाटलं आपल्यावर संशय आहे. पोलीस खोलीच्या दारात उभा, आम्हाला आत जाऊ देईना, आणि प्रश्न विचारतोय. शेवटचं कधी बोललात, काय खाल्लं, कोणती औषधं चालू होती. आईने बाबांची आठवड्याच्या वारांची गोळ्यांची डबी आणून दिली. सोमवारचा कप्पा रिकामा होता, मंगळवारचा भरलेला. त्याने भारतातून आणलेल्या पाकिटांवरची नावं एकेक करून लिहून घेतली. आई त्याच्याकडे बघत बसली होती.

नंतर कळलं की घरी अचानक झालेल्या मृत्यूत हे असंच करतात. संशय असो नसो, पोलिसांना नोंद करावी लागते आणि मेडिकल एक्झामिनरला, म्हणजे अशा मृत्यूंचं कारण ठरवणाऱ्या सरकारी डॉक्टरला कळवावं लागतं. इथल्या कोणा डॉक्टरचे उपचार चालू असतील आणि तो दाखल्यावर सही करायला तयार असेल तर पुढचं सोपं जातं. पाहुणे आलेल्या आई-वडलांचा इथे डॉक्टरच नसतो, तिथे अडतं. बाबांचे पुण्यातले हृदयाचे रिपोर्ट मेलमध्ये होते, ते मी फोनवरून पुढे पाठवले आणि शवविच्छेदन नको आहे, आमच्या धर्मभावनेला धरून नाही, हे स्पष्ट सांगितलं. त्यांनी ते मानलं. प्रत्येक वेळी मानतीलच असं नाही, पण सांगावं. आई-वडलांचे रिपोर्ट इंग्रजीत, एका ठिकाणी ठेवा.

व्हर्जिनियात दहनाआधी मेडिकल एक्झामिनरची परवानगी लागते, ती फ्युनरल होमवाले काढतात. मृत्यूच्या दाखल्याच्या प्रती जास्त घ्या. मला बँक, पेन्शन, विमा, वकिलात आणि गावाकडची वारस नोंद, सगळीकडे लागल्या. भारतात वापरायच्या प्रतीवर राज्याच्या कार्यालयातून अपोस्टिल (कागद परदेशात ग्राह्य धरावा म्हणून लागणारं प्रमाणन) करून घ्या, काउंटीतून होत नाही. तलाठी कार्यालयात अपोस्टिल म्हणजे काय हे समजवायला वेळ गेला, पण फेरफार झाला. नंतर लागलेल्या जादा प्रती मला डीएमव्हीत, म्हणजे गाड्या आणि लायसन्सच्या कार्यालयातच मिळाल्या, व्हर्जिनियात तिथे मृत्यूचे दाखलेही देतात.

तो पोलीस जाताना आईसमोर वाकला आणि इंग्रजीतच काहीतरी म्हणाला. आईला कळलं नाही, मीही तेव्हा सांगायच्या मनःस्थितीत नव्हतो.

रेवती_लाउडन

वाटसरू, हे लिहिलंत याबद्दल मनापासून आभार. इथे बऱ्याच जणांचे आई-वडील येऊन राहतात, त्यांना याचा नक्की उपयोग होईल.

निरंजना

मी दक्षिण आशियाई बायकांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेत स्वयंसेवक आहे, म्हणून एक वेगळा विषय. घरात मारहाण होत असेल तर.

'पोलिसांना बोलावलं तर नवऱ्याचा व्हिसा जाईल, मग माझाही जाईल' या भीतीने एच-४ वरच्या, म्हणजे नवऱ्याच्या व्हिसावर अवलंबून असलेल्या मुली सहन करत राहतात. सासरचे तेच बोलून दाखवतात. त्यांना एवढं माहीत असू द्या. व्हर्जिनियात मॅजिस्ट्रेट चोवीस तास उपलब्ध असतो आणि तो तातडीचा संरक्षण आदेश देऊ शकतो, साधारण ७२ तासांचा. पुढचा आदेश कोर्ट देतं, अंतिम आदेश दोन वर्षांपर्यंतचा असू शकतो. संरक्षण आदेश मागायला व्हिसा दाखवावा लागत नाही. फोनवर 'मराठी' एवढं म्हटलं तरी दुभाषी मागवता येतो. थोडं थांबावं लागतं, पण फोन ठेवू नका. आणि नवऱ्याला किंवा दिराला दुभाषी म्हणून बोलू देऊ नका, पोलिसांनाच सांगा की मला दुसरा माणूस हवा.

एच-१बी वाल्याच्या पीडित पत्नीला स्वतःचं वर्क परमिट मागता येतं, तशी तरतूद कायद्यात आहे. गुन्ह्याच्या तपासात मदत केलेल्या पीडितांसाठी यू व्हिसा आहे, त्याला पोलिसांचं किंवा सरकारी वकिलाचं प्रमाणपत्र लागतं. रांग फार मोठी आहे, हेही सांगते. न्यू जर्सीत १९८५ पासून 'मानवी' आणि बे एरियात १९९१ पासून 'मैत्री' या संस्था हेच काम करताहेत, तिथे आपल्या भाषांत बोलणारी माणसं भेटतात.

माझ्यासमोर बसलेल्या एका मुलीने सांगितलं होतं की तिच्या शेजारची मराठी कुटुंबं आवाज ऐकत होती. कोणी फोन केला नाही. शेवटी फोन केला तो खालच्या मजल्यावरच्या एका मेक्सिकन आजीने. कृपा करून फोन करा.

सह्यकडा

आत्ताच्या दिवसांत सगळ्यांच्या मनात असलेला प्रश्न विचारतो. स्थानिक पोलीस आणि आईस (इमिग्रेशन कायद्याची अंमलबजावणी करणारं केंद्रीय खातं) यांचा संबंध किती?

केदार_रिचमंड

राज्या-राज्यांत फरक आहे. स्थानिक पोलिसांचं मूळ काम राज्याचा कायदा. काही शेरीफ आणि पोलीस खाती आईसशी २८७(जी) नावाचा करार करतात, मग त्यांच्या तुरुंगात किंवा गस्तीवरही इमिग्रेशनची चौकशी होऊ शकते. कॅलिफोर्नियात २०१८ पासून एसबी ५४ या कायद्यामुळे स्थानिक पोलिसांवर आईसला मदत करण्याबाबत बंधनं आहेत, न्यू जर्सीतही २०१८ च्या निर्देशाने आहेत. टेक्ससमध्ये एसबी ४ या कायद्याचा कल उलट्या दिशेला आहे. आपली काउंटी कुठे आहे ते बघून ठेवा. ग्रीन कार्ड असलेल्या प्रौढांनी कार्ड जवळ बाळगायचं असतं, तसा कायदाच आहे. बाकीच्यांनी आय-९४ ची, म्हणजे अमेरिकेत प्रवेश केल्याच्या नोंदीची प्रत ठेवावी.

ताशा_वादक

वातावरण जड झालं आहे, तरी आमचा अनुभव लिहितो, कारण गणपती जवळ आले.

आमचं ढोल-ताशा पथक एका ऑफिस पार्कच्या रिकाम्या पार्किंगमध्ये सराव करायचं. शनिवारी संध्याकाळी तीस ढोल आणि दहा ताशे. पार्कच्या मालकाची परवानगी होती, पण झाडांच्या पलीकडे घरं आहेत आणि तिथून तक्रार गेली. पोलीस आला. दोन ताल होईपर्यंत लांब उभा राहून बघत होता, मग म्हणाला, मालकाची परवानगी वेगळी आणि आवाजाचा काउंटीचा नियम वेगळा. त्याने डेसिबलची मर्यादा आणि वेळ सांगितली आणि काउंटीच्या कोणत्या विभागात जायचं तेही लिहून दिलं.

आमच्यातल्या काही मुलांचं म्हणणं होतं की गुपचूप दुसरी जागा शोधू. मी आणि दोन ताई उलट त्या घरांमध्ये गेलो. एका घरात लहान बाळ होतं आणि त्याची झोपायची वेळ नेमकी आमच्या सरावाची. सराव दुपारी घेतला, तिढा सुटला. मिरवणुकीसाठी मात्र रीतसर अर्ज केला. रस्ता बंद करायचा तर नकाशा, विम्याचं प्रमाणपत्र, किती माणसं, स्वच्छतेची सोय, सगळं लागतं. ड्युटीवर नसलेले पोलीस तासाच्या दराने बंदोबस्ताला घ्यावे लागतात, त्याचे पैसे मंडळाने दिले. त्यांतल्या एकाने शेवटी टोल हातात घेऊन ढोल वाजवला आणि पोरांनी त्याला डोक्यावर घ्यायचंच बाकी ठेवलं.

अबोली_सनीवेल

विसर्जनाचं काय करता? आमच्याकडे तळ्यात मनाई आहे.

ताशा_वादक

काउंटीच्या तळ्यात किंवा नदीत आम्हीही करत नाही. बहुतेक ठिकाणी मूर्ती, निर्माल्य टाकणं म्हणजे कचरा टाकल्याचाच गुन्हा धरतात. पार्कमधला मोठा मांडव भाड्याने घेतो आणि तिथे पाण्याची मोठी टाकी ठेवतो. मूर्ती शाडूच्याच. टाकीतली माती दुसऱ्या दिवशी मंडळातले लोक कुंड्यांना घेऊन जातात. अर्जात 'टाकीतलं पाणी गटारात सोडणार नाही' हे आधीच लिहा, आमच्याकडे पार्कवाल्यांनी सगळ्यात आधी तेच विचारलं होतं. आणि मांडवाचं बुकिंग उन्हाळा सुरू व्हायच्या आत करा. सप्टेंबरातले शनिवार-रविवार वाढदिवसवाले आधीच घेऊन ठेवतात.